पाऊस सगळ्या डोंगरांवर. मग दरड एकाच वाडीवर का?

दरड कोसळली की ‘विक्रमी पाऊस’ हे कारण लगेच पुढे येते. पण त्याच पावसात शेजारचा डोंगर जागेवरच असतो. हा फरक कशामुळे पडतो, ते सांगणारे शास्त्र आहे आणि ते जाणणारी माणसे महाराष्ट्रातच आहेत. त्यांना विचारले जाते ते मात्र बहुधा ढिगारा उपसताना. वाडीवरचा उतार आधी वाचून घेणे हे कोणाचे तरी बंधनकारक काम व्हायला हवे.

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दोनशेच्या आसपास माणसे गेली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले. १५१ जणांचा मृत्यू झाला. २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा महाड तालुक्यातच तळिये गावात ऐंशीहून अधिक बळी गेले. त्याच पावसात साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथेही दरडी आल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी ढिगाऱ्याखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

या चारही वेळा महिना जुलै होता आणि चारही वेळा पाऊस प्रचंड होता. त्यामुळे पावसाकडे बोट दाखवणे सोपे जाते. पण पाऊस सगळ्याच डोंगरांवर पडतो. सह्याद्रीच्या कुशीत अशा शेकडो वाड्या आहेत. मग नेमका हाच उतार का सुटला?

भूरूपशास्त्र म्हणजे नेमके काय?

डोंगर, दऱ्या, पठारे, नदीची वळणे, समुद्रकिनारे ही रूपे कशी घडली आणि आज कशी बदलत आहेत, याचा अभ्यास म्हणजे भूरूपशास्त्र. खडक कोणता हे भूगर्भशास्त्र सांगते, पाऊस किती हे हवामानशास्त्र सांगते. खडक आणि पाऊस यांची गाठ जिथे पडते, तो जमिनीचा पृष्ठभाग हा भूरूपशास्त्राचा विषय.

शाळेच्या भूगोलात आपण ‘विदारण’, ‘वहन’, ‘संचयन’, ‘विस्तृत झीज’ हे शब्द पाठ केलेले असतात. परीक्षेत दोन गुणांना येणारी ‘विस्तृत झीज’ म्हणजेच बातमीतली दरड. नदीची युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्था हेही अनेकांना आठवत असेल. ती मांडणी अमेरिकी अभ्यासक विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी १८९९ मध्ये केली. त्याआधीच, १८७७ मध्ये, ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी वेगळी दिशा दाखवली होती. जमिनीला खाली ओढणारे बल किती आणि तिला धरून ठेवणारी ताकद किती, हा हिशेब मांडला तर उतार असा का आहे ते कळते, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. विसाव्या शतकाच्या मध्यापासून या शास्त्रात मोजमाप आले आणि आज उताराचा कोन, मातीची जाडी, पाण्याचा दाब यांची गणिते मांडता येतात.

महाराष्ट्रात या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात के. आर. दीक्षित, विश्वास काळे यांनी दख्खनची पठारे आणि नद्यांचे पूर अभ्यासले. डेक्कन कॉलेजात एस. एन. राजगुरू यांनी नद्यांनी साठवलेल्या गाळाच्या थरांतून जुन्या हवामानाचा माग काढला. म्हणजे ज्ञान परदेशातून आणायचे आहे, अशी स्थिती नाही.

सह्याद्रीचा उतार इतका नाजूक का?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. त्याला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप हा शब्दच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. कोणताही घाट उतरताना या पायऱ्या दिसतात. कठीण, घट्ट थराचा सरळ कडा, त्याखाली मऊ थर झिजून झालेला सपाट पट्टा, मग पुन्हा कडा. गडकिल्ले फिरणारे या पट्ट्याला ‘पदर’ किंवा ‘माची’ म्हणतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा पूर्वेकडे जवळपास १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. तिथेच उगम पावणारी सावित्री पश्चिमेकडे शंभरेक किलोमीटरमध्ये अरबी समुद्र गाठते. दोघींना उतरायची उंची जवळपास तेवढीच, पण एकीला हजारो वळणे घ्यायला जागा आहे आणि दुसरी कड्यावरून थेट खाली येते. सावित्री आणि तिला मिळणारे ओढे त्यामुळे डोंगर वेगाने कापत, मागे सरकवत असतात. जुई, दासगाव आणि तळिये ज्या महाड तालुक्यात आहेत, तो याच सावित्रीचा.

त्यात पावसाची भर. २२ ते २३ जुलै २०२१ या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. महाराष्ट्रातल्या काही दुष्काळी तालुक्यांत वर्षभरातही एवढा पाऊस पडत नाही. आपल्याला अचल वाटणारा सह्याद्री भूरूपशास्त्राच्या नजरेत आजही झिजणारा, मागे हटणारा कडा आहे. कडे सुटणे आणि उतार घसरणे हा त्याचा स्वभावच आहे. आपले काम ते थांबवण्याचे नाही. त्याच्या वाटेतून बाजूला राहण्याचे आहे.

वस्ती नेमकी तिथेच का होते?

अवघड जागी घर बांधल्याचा दोष अनेकदा वाडीतल्या माणसांना दिला जातो. ही टीका उथळ आहे. डोंगरात घर बांधायला तीन गोष्टी लागतात: थोडी सपाट जागा, नाचणी-वरी-भात पिकेल एवढी माती आणि बारमाही नाही तरी निदान दिवाळीपर्यंत टिकणारा झरा. या तिन्ही गोष्टी कड्याखालच्या पदरावर मिळतात.

त्या तिथेच का मिळतात, याचे उत्तर मात्र अस्वस्थ करणारे आहे. पदरावरची माती बऱ्याच ठिकाणी वरच्या कड्यावरून शेकडो-हजारो वर्षे घरंगळत आलेली असते. दगड, मुरूम आणि माती यांचा तो सैल ढीग असतो. कड्याच्या भेगांतून मुरलेले पाणी खालच्या मऊ थराला अडते आणि झरा होऊन बाहेर पडते. म्हणजे ज्या मातीने पीक दिले ती डोंगराची जुनी पडझड आणि ज्या झऱ्याने तहान भागवली तो त्या सैल मातीला आतून भिजवणारा. वस्तीसाठी जागा चांगली असण्याची आणि ती धोक्याची असण्याची कारणे अनेकदा एकच असतात.

प्रत्येक पदरावर हे असेच असते असे नाही. काही पदर घट्ट कातळाचे असतात आणि तिथली वस्ती पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहते. कोणता पदर कातळाचा आणि कोणता ढिगाऱ्याचा, हे लांबून दिसत नाही. त्यासाठी जाणकार माणसाने तिथे जाऊन उतार, ओढ्याच्या काठी उघडी पडलेली माती आणि दगडांची ठेवण पाहावी लागते.

पाऊस कारण की निमित्त?

उतारावरची माती खाली का येत नाही? कणांची एकमेकांवरची पकड तिला धरून ठेवते. पाऊस मुरू लागला की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात. खाली कातळ असेल तर पाण्याला पुढे वाट नसते. साचलेले पाणी कणांना एकमेकांपासून ढकलू लागते, पकड सैल होते आणि वजन मात्र वाढलेले असते. एका क्षणी ओढणारे बल धरणाऱ्या ताकदीपेक्षा जास्त होते आणि सगळा थर एकदम सुटतो.

या क्षणासाठी भूरूपशास्त्रात एक चपखल कल्पना आहे: उंबरठा. अमेरिकी अभ्यासक स्टॅन्ली शूम यांनी १९७३ मध्ये ती ठळकपणे मांडली. उतार वर्षानुवर्षे हळूहळू उंबरठ्याकडे सरकत असतो. वरून माती साचत राहते, आतला खडक कुजत जातो, पायथ्याचा ओढा तळ खरवडत असतो. बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही. मग एका पावसात तो उंबरठा ओलांडतो. दहा वर्षांपूर्वी याहून मोठा पाऊस त्याने सहज झेललेलाही असू शकतो, कारण तेव्हा तो उंबरठ्यापासून दूर होता.

शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पाऊस सगळ्या उतारांवर सारखा पडला तरी सगळे उतार उंबरठ्यापासून सारख्या अंतरावर नसतात. हवामान बदलामुळे अतिवृष्टीचा धोका वाढतो आहे हे खरेच आहे. पण त्यामुळे उतार वाचण्याची गरज वाढते. ‘पाऊसच एवढा होता’ या वाक्याने ती संपत नाही.

‘इथे कधी दरड आली नाही’ हे पुरेसे का नाही?

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे दुर्घटनेनंतर सरकारनेच विधिमंडळात सांगितले. ही कबुली महत्त्वाची आहे, कारण यादी कशी बनते हा प्रश्न तिथून सुरू होतो. जिथे पूर्वी दरड आली किंवा भेगा दिसल्या, अशा गावांची नावे यादीत सहज येतात. ज्या उताराने अजून काहीच केलेले नाही, तो शांत राहतो आणि यादीबाहेरही राहतो.

भूरूपशास्त्र इथे उलटा विचार करायला लावते. डोंगराच्या कुशीत, ओढा जिथून सुरू होतो त्याच्या वर, वाटीसारखे खळगे असतात. वरची माती तिन्ही बाजूंनी घसरत त्यात साचते आणि पावसाचे पाणीही तिथेच एकवटते. अशी वाटी रिकामी झाली की पुन्हा भरायला शेकडो, कधी हजारो वर्षे लागतात. म्हणून जी वाटी माणसांच्या आठवणीत कधीच रिकामी झालेली नाही, ती भरत आलेली असण्याची शक्यता असते. ‘आजोबांच्या काळापासून काही झाले नाही’ हा दिलासा डोंगराच्या कालमापनात फार तोकडा आहे.

दुसरीकडे, जुन्या खुणाही तितक्याच बोलक्या असतात. माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळच्या वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला येथे दोनशेहून अधिक माणसे गेली. राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने उपग्रहचित्रे तपासली, तेव्हा जुन्या दरडीच्या खुणा त्याच जागी आढळल्या. ढिगारा सुमारे आठ किलोमीटर वाहत गेला. चूरलमलाची घरे डोंगर सुटला तिथून कितीतरी खाली, ओढ्याच्या काठाला होती. म्हणजे घर उतारावर नाही एवढ्याने भागत नाही. दरड कोणत्या ओढ्याने खाली येईल तेही पाहावे लागते.

नकाशे आहेत, मग अडते कुठे?

नकाशे आहेत, हे मान्य करायलाच हवे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभर दरडप्रवणतेचे नकाशे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. देशातील सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र दरडप्रवण मानले जाते; त्यातले सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट आणि कोकणच्या पट्ट्यात आहे. इस्रोने २०२३ मध्ये देशातील दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८० हजार दरडींच्या नोंदी आहेत. हे मोठे काम आहे.

अडचण प्रमाणाची आहे. सर्वेक्षणाचे हे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर आहेत. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. २०० मीटर लांबीची वाडी अशा नकाशावर चार मिलिमीटरची होते, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. तिच्या वरची माती साचलेली वाटी त्याहून बारीक. असा नकाशा तालुक्यातला कोणता डोंगर धोक्याचा आहे ते सांगेल. वाडीतली कोणती सहा घरे हलवावीत, ते त्यातून कळणार नाही. राज्याच्या नियोजनासाठी तो उपयोगी आहे, सरपंचाच्या हाती देण्यासाठी नाही.

हाच नकाशा १:५,००० प्रमाणावर केला तर तीच वाडी चार सेंटिमीटरची होते. घरे, झरे, ओढे, भेगा दाखवता येतात. त्यासाठी ड्रोनने केलेली उंचीची मोजणी आणि पायी फिरून केलेली पाहणी दोन्ही लागतात. काम मोठे आहे, पण ते सगळ्या सह्याद्रीभर करायचे नाही. मोठ्या नकाशात जे पट्टे लाल दिसतात आणि ज्यांत माणसे राहतात, तेवढ्याच जागांवर करायचे आहे.

अंदाज केंद्र आणि ॲप पुरेसे नाही का?

१९ जुलै २०२४ रोजी कोलकाता येथे राष्ट्रीय दरड अंदाज केंद्र सुरू झाले. त्यासोबत संकेतस्थळ आणि मोबाइल ॲपही आले. दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी येथे त्याआधी प्रयोग म्हणून असे अंदाज दिले जात होते. हे स्वागतार्ह पाऊल आहे.

पण ‘तालुक्यात दरडीची शक्यता मध्यम’ असा संदेश रात्री दहा वाजता मोबाइलवर आला तर वाडीतल्या माणसाने काय करायचे? कोणत्या घरातून निघायचे, कोणत्या वाटेने जायचे आणि कुठे थांबायचे? शिवाय घाटात पाऊस दोन-चार किलोमीटरवर बदलतो. राज्यात महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, पण मंडळाच्या गावातला पाऊस आणि कड्याखालच्या वाडीतला पाऊस सारखाच असेल याची खात्री नाही.

वायनाडमध्ये ‘ह्यूम सेंटर’ ही स्थानिक संस्था जिल्ह्यात ठिकठिकाणी बसवलेल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी गोळा करते. २०२४ च्या दुर्घटनेच्या आदल्या दिवशी तिने प्रशासनाला इशारा दिला होता. अंदाज वर्तवता येतो, हे यातून दिसते. आणि तो ऐकून हालचाल करणारी साखळी नसेल तर अंदाजाचा उपयोग होत नाही, हेही दिसते.

डोंगर कापण्याचा वाटा किती?

नैसर्गिक उतार स्वतःहून उंबरठ्याकडे सरकतो. आपण त्याला ढकलतोही. उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा टेकू जातो. वर भराव टाकला की वजन वाढते. पाण्याची जुनी वाट बुजवली की पाणी मातीत मुरते. रस्ता रुंद करताना हे तिन्ही एकाच वेळी होऊ शकते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात चिपळूणजवळचा परशुराम घाट दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागला. माळीणनंतर पडकईसाठी यंत्राने केलेल्या सपाटीकरणावरही बोट ठेवले गेले.

झाडे लावा, हा उपाय अशा वेळी हमखास सांगितला जातो. झाडांची मुळे वरचा मीटरभर थर बांधून ठेवतात, हे खरे. पण घसरणारा थर त्याहून खोल असेल तर झाडांसकट उतार खाली येतो. वृक्षारोपण चांगलेच आहे; ते उतार तपासण्याला पर्याय होऊ शकत नाही.

गाडगीळ अहवालाने हे सांगितले नव्हते का?

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटावर अहवाल दिला, २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. डोंगर कापण्यावर, खाणींवर मर्यादा हव्यात, हे त्यांतून पुढे आले. त्यानंतरचा वाद मात्र ‘आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात हवे की नको’ यातच अडकला. मसुदा अधिसूचना एकामागून एक निघत राहिल्या.

तो वाद जैवविविधतेचा, जंगलाचा आणि विकासाच्या हक्काचा आहे आणि महत्त्वाचाही आहे. पण उताराचा प्रश्न त्याच्या निकालासाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही. संवेदनशील क्षेत्राबाहेरचे गावही दरडीखाली येऊ शकते आणि क्षेत्राच्या आतले गाव घट्ट कातळावर निर्धास्त असू शकते. वाडीचा उतार तपासायला कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

हे कोणाला जमले आहे का?

जमले आहे, आणि पहिले उदाहरण आपल्या कोकणातलेच. २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीने रेल्वेगाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्युमुखी पडले. कोकण रेल्वेवर आज पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक असते, गाड्यांचा वेग कमी होतो, धोक्याच्या कटिंगवर गस्त असते, जाळ्या आणि संरक्षक बांधकामे केलेली असतात. हे होऊ शकले, कारण रुळाशेजारच्या उताराची जबाबदारी कोणाची याविषयी शंका नाही.

दुसरे उदाहरण हाँगकाँगचे. तिथे जून १९७२ मध्ये एकाच दिवशी दोन दरडींत १३८ माणसे दगावली. १९७६ मध्ये पुन्हा तसेच घडल्यावर १९७७ मध्ये तिथल्या सरकारने केवळ उतारांसाठी स्वतंत्र कार्यालय काढले. माणसाने कापलेल्या किंवा भरलेल्या सुमारे ६० हजार उतारांची नोंद झाली. नोंदलेल्या उतारावर वाहनासारखी क्रमांकाची पाटी असते आणि त्याची देखभाल कोणी करायची, ते ठरलेले असते. त्यानंतर तिथले दरडबळी खूप कमी झाले. हाँगकाँग श्रीमंत आहे, लहान आहे आणि त्यांचे उतार बरेचसे मानवनिर्मित आहेत. त्यामुळे जसेच्या तसे काही उचलता येणार नाही. पण ‘या उताराचा धनी कोण?’ हा प्रश्न उचलता येतो. आपल्याकडे वाडीवरची जमीन कधी वनखात्याची, कधी खासगी, कधी गायरान. ढिगारा खाली आला की मदत आणि बचाव जिल्हा प्रशासनाकडे असतो. तो येण्याआधी उतार पाहायचे काम मात्र नेमके कोणाचे, हे धूसर राहते.

पुनर्वसनाने प्रश्न सुटत नाही का?

सुटतो, जागा योग्य असेल तर. माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले आणि २०१७ मध्ये घरे दिली गेली. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या गावठाणातले रस्ते खचले, भराव सरकला. डोंगराळ भागात सपाट जागा मिळत नाही, म्हणून उतार कापून, भराव घालून ती तयार केली जाते. मूळ जागा तपासणे वेगळे आणि कापून-भरून बदललेली जागा पुन्हा तपासणे वेगळे. दुसरी तपासणी पहिल्या पावसाने केली तर ज्यांनी एकदा सगळे गमावले, त्यांच्यावर पुन्हा रात्र जागून काढायची वेळ येते.

दर पावसाळ्यापूर्वी तहसील कार्यालये दरडप्रवण गावांना स्थलांतराच्या नोटिसा देतात. पर्यायी जागा, गुरांची सोय, शेतापर्यंतची वाट यांपैकी काहीच न देता बजावलेली नोटीस माणसाला वाचवत नाही. तिचा उपयोग उद्या ‘आम्ही सांगितले होते’ म्हणायला होतो.

माणसे, पैसा आणि भीती यांचे काय?

पहिला आक्षेप मनुष्यबळाचा. हजारो वाड्या तपासायला तेवढे तज्ज्ञ कुठून आणायचे? पुणे, सातारा, कोल्हापूर आणि कोकणातल्या जिल्ह्यांत भूगोल आणि भूगर्भशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प करावेच लागतात. ठरलेल्या नमुन्यात, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, पहिली चाळणी ते लावू शकतात: उताराचा कोन, मातीची जाडी, झरे, भेगा, वरचे खळगे, गावकऱ्यांच्या आठवणी. या चाळणीतून ज्या वाड्या संशयास्पद ठरतील, तिथे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी जावे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर मदतनिधीच्या हिशेबात आहे. दरडीनंतर भरपाई, बचावकार्य, तात्पुरते निवारे आणि अखेर नवे गाव यांवर खर्च करावाच लागतो. एका वाडीची पाहणी त्याच्या तुलनेत किरकोळ आहे.

तिसरा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही: नकाशा जाहीर झाला तर लोक घाबरतील, जमिनीचे भाव पडतील. भाव पडतील, हे खरे असेल. पण मग जो धोका विकत घेणाऱ्याला कळायला हवा, तोच तिथे राहणाऱ्यापासून लपवून ठेवायचा का? भीतीबद्दल म्हणायचे तर, जुलैच्या रात्री कड्याखाली झोपणाऱ्या माणसाला भीती नव्याने सांगावी लागत नाही. त्याला कुठे आणि केव्हा जायचे ते सांगावे लागते.

काय करायला हवे?

एक, दरडप्रवण तालुक्यांतील प्रत्येक वस्तीचा १:५,००० प्रमाणावरचा नकाशा मराठीत करून तो ग्रामपंचायतीत आणि शाळेत लावावा. त्यात धोक्याची घरे, बाहेर पडण्याची वाट आणि थांबण्याची जागा असावी.

दोन, यादी जुन्या घटनांवर न ठेवता उताराच्या आजच्या स्थितीवर ठेवावी आणि दर काही वर्षांनी पुन्हा तपासावी. लहान दरडींचीही नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत व्हावी. मोठ्या दरडीआधी उतार अनेकदा लहान इशारे देतो.

तीन, धोक्याच्या वाडीत पर्जन्यमापक ठेवून किती पावसाला बाहेर पडायचे, तो आकडा आधी ठरवावा. हा निर्णय वाडीतल्या वाडीत घेता यायला हवा.

चार, डोंगर कापणाऱ्या प्रत्येक सरकारी कामात उताराची तपासणी कामाआधी आणि कामानंतर बंधनकारक असावी आणि अहवाल जाहीर व्हावा. पुनर्वसनाच्या जागेलाही हाच नियम लागू असावा.

पाच, प्रत्येक जिल्ह्यात उतारांसाठी एक जबाबदार अधिकारी असावा. त्याचे नाव गावकऱ्यांना माहीत असावे.

तोवर डोंगराजवळ राहणाऱ्यांनी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. जमिनीत किंवा भिंतीत नवी भेग जाणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा थांबणे, नको तिथे नवा झरा फुटणे, भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक कमी होणे, डोंगरातून घरघर ऐकू येणे. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता, ओढ्याची वाट टाळून बाजूला निघावे आणि शेजाऱ्यांना उठवून सोबत न्यावे.

पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत नालेसफाई आणि औषधसाठ्याचा विषय असतोच. त्यात आणखी एक प्रश्न विचारावा: आपल्या वाडीवरचा उतार शेवटचा कोणी, केव्हा तपासला आणि त्याचा कागद कुठे आहे? जिथे याचे उत्तर मिळणार नाही, तिथे तपासणीची लेखी मागणी त्याच सभेत ठराव करून तहसीलदारांकडे पाठवावी.